जागेवर कोण आहे?

गाडी का थांबली ते एक अनोळखी माणूस अचूक सांगतो आणि आपले सख्खे काका तीन वर्षांपूर्वीचा व्हिडीओ ‘आत्ताचा’ म्हणून पाठवतात. तरी आपण विश्वास ठेवतो तो काकांवरच. असं का होतं? उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात याचं उत्तर फार स्पष्ट दिसतं.

तुमच्या फोनमध्ये आत्ता ग्रुप किती आहेत, मोजून बघा. वर्गाचा एक. त्याच वर्गाचा, पण सर नसलेला दुसरा. सोसायटीचा, घरचा, मावशीकडचा, टर्फवर खेळणाऱ्यांचा, सबमिशनच्या आदल्या रात्री बनवलेला आणि मग कुणीच न सोडलेला. कॅम्प ५मध्ये राहत असाल तर गल्लीचा किंवा बॅरेकचाही असेल. आता दुसरा प्रश्न. सगळ्यांना दिसेल अशी पोस्ट तुम्ही शेवटची कधी टाकलीत?

आठवावं लागतंय ना? इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत हेच सांगितलं होतं. तरुण मुलं फीडपेक्षा स्टोरीत आणि स्टोरीपेक्षा डीएममध्ये जास्त वेळ घालवतात. दहा वर्षांपूर्वी आपल्या दादा-ताईंनी फेसबुकच्या भिंतीवर जे जाहीरपणे लिहिलं, ते आता आपण ‘क्लोज फ्रेंड्स’मध्ये आणि ग्रुपमध्ये बोलतो. कंपन्यांनी हा कल बरोबर ओळखला. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये ‘कम्युनिटीज’ आणल्या, ग्रुपची मर्यादा १०२४ माणसांपर्यंत नेली. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘चॅनेल्स’ भारतात आले. चावडीवरून आपण घरात आलो आणि दार लोटून घेतलं.

यात वाईट काय? वरवर पाहिलं तर काहीच नाही. घरात माणूस मोकळं बोलतो. पण घरात आलेल्या बातमीची पारख कोण करतं, हा प्रश्न उरतोच. हा लेख त्याबद्दल आहे.

बॅरेकमधली बातमी

उल्हासनगरला दार लोटलेल्या खोल्यांची सवय जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पाच कॅम्प मात्र आकड्यांनीच ओळखले जात राहिले. आजही इथल्या पत्त्यात बॅरेक नंबर आणि सेक्शन नंबर असतो. कुरियरवाल्याला विचारा.

अशा बॅरेकमध्ये बातमी यायची ती माणसासोबत. शेजारचा सांगायचा, की बाजारात अमुक झालं. ऐकणाऱ्याला तो शेजारी पुरता माहीत असायचा. हा मीठमसाला लावतो. तो मोजकंच बोलतो. हिचा भाऊ खरंच तिथे कामाला आहे. तिला मात्र कुणीतरी सांगितलंय. म्हणजे बातमीसोबत सांगणाऱ्याची पतही घरात यायची, आणि ‘तू स्वतः पाहिलंस का?’ हा प्रश्न तोंडावर विचारता यायचा.

ग्रुपमध्ये आपण तोच विश्वास आणला. तो प्रश्न मात्र मागे राहिला. घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला की मन म्हणतं, काका कशाला खोटं बोलतील? बरोबर आहे, काका खोटं बोलत नाहीतच. पण तो मेसेज काकांनी लिहिलेलाही नाही. त्यांच्याकडे तो जिथून आला तिथल्या माणसानेही लिहिलेला नाही. आपण पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतो आणि लिहिणारा कोण, हे आपल्याला कळतही नाही.

‘विठ्ठलवाडीला उभी आहे’

याच्या अगदी उलट चित्र रोज सकाळी दिसतं. कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने लोकलला स्वतंत्र मार्गिका नाही. लोकल, एक्स्प्रेस, मालगाडी सगळ्यांना त्याच दोन रुळांवरून जायचं. एक गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या थांबतात. त्यामुळे या पट्ट्यातल्या माणसाला ‘पुढे काय झालंय’ हे कळणं फार मोलाचं. मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ ॲपवर गाडी कुठे आहे ते दिसतं. पण ती का थांबली आणि कधी सुटेल हे कळायला लोक आजही एम-इंडिकेटरचं चॅट उघडतात.

तिथे कोण बोलतं? कुणालाच माहीत नाही. टोपणनावं असतात. शिव्याही असतात. टाइमपास तर भरपूर. पण ‘विठ्ठलवाडीला दहा मिनिटं उभी आहे, मोटरमन उतरून बघतोय’ असं कुणी लिहिलं, की आपण लगेच ठरवतो: घरून उशिरा निघायचं की रिक्षाने कल्याण गाठायचं. त्या माणसाचं नाव, गाव काही माहीत नसताना आपण त्याच्या शब्दावर पहिलं लेक्चर पणाला लावतो. आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

कारण तो जागेवर आहे. शिवाय त्याच गाडीत आणखी दीड-दोन हजार माणसं आहेत. त्याने थाप मारली तर दोन मिनिटांत दुसरा कुणीतरी लिहितो, ‘काय बोलतोय, सुटली गाडी.’ म्हणजे तिथे दोन गोष्टी एकत्र आल्यात. सांगणारा स्वतः बघतोय आणि त्याला टोकणारेही बघतायत. घरच्या ग्रुपमध्ये नेमक्या याच दोन्ही नसतात. सांगणारा जागेवर नसतो आणि त्याला टोकणं उद्धटपणा ठरतो.

पावसाळ्यातही हेच. बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर. जुलैमध्ये इथले ग्रुप या आकड्यांवर चालतात. बदलापूरचे खासगी हवामान अभ्यासक अभिजीत मोडक तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदी देतात, आणि वर्तमानपत्रंही त्यांचा हवाला देतात. लोकांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला तो नोंदी पाहून. उपकरण लावलेलं आहे, आकडा समोर आहे, आणि खिडकी उघडून कुणालाही पाऊस दिसतो.

२७ जुलै २०१९ आठवतो? मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत हजारावर प्रवासी. आतल्या लोकांनी डब्याच्या दारातून व्हिडीओ काढून पाठवले, त्यात पाणी कुठवर आलंय ते दिसत होतं. दुपारपर्यंत एनडीआरएफ, नौदल, स्थानिक गावकरी अशा सगळ्यांनी मिळून प्रवाशांना बाहेर काढलं. त्या दिवशी फोनने जे काम केलं, ते जागेवरच्या माणसाच्या हातात तो होता म्हणून.

राईनपाड्याचा धडा

आता त्याच महाराष्ट्रातली, त्याच्या एकच वर्ष आधीची गोष्ट. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज कित्येक दिवस मोबाइलवर येत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी गावात आले होते. जमावाने त्यांना त्या टोळीतले ठरवलं आणि मारून टाकलं.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडीओंमधला एक तर मूळचा कराचीतला होता. मुलांची काळजी घ्या हे सांगण्यासाठी तिथे केलेला जागृतीपट. शेवटचा, ते सगळं नाटक होतं हे सांगणारा भाग कापून टाकलेला. म्हणजे ज्या घटनेच्या जागी कुणी असूच शकत नव्हतं, कारण ती घडलीच नव्हती, ती हजारो घरांत ‘आपल्या माणसाने पाठवली’ म्हणून खरी ठरली.

त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आली. पुढे पाच किंवा जास्त हातांतून आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसू लागला, आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. या शेवटच्या बदलानंतर असे मेसेज पसरण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. बघा, लोक रातोरात शहाणे झाले नव्हते. पाठवायला एक जास्तीची टिचकी लागायला लागली आणि तेवढ्याने पुष्कळांचा अंगठा थबकला. यावरून काय कळतं? आपल्यापैकी बरेच जण द्वेषाने फॉरवर्ड करत नव्हते. सोपं होतं म्हणून करत होते.

२० ऑगस्ट २०२४

आणि आता आपल्या दारातली गोष्ट. बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. गुन्हा नोंदवून घ्यायला पोलिसांनी कित्येक तास लावले. शहरात संताप साठत गेला आणि बंदची हाक मोबाइलवरून फिरली. २० ऑगस्टच्या सकाळी लोक आधी शाळेपाशी, मग बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल बंद राहिल्या. शेवटी लाठीमार, दगडफेक, अटका. दुसऱ्या दिवशी शहरात इंटरनेट बंद.

तुमच्यातले काही जण त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या स्टेशनात अडकले असतील. काही जण रुळांवर असतील. त्यामुळे कुणी तरी मोठं माणूस ‘व्हॉट्सॲपमुळे दंगा झाला’ असं म्हणालं तर तुम्हाला ते पटणार नाही, आणि पटूही नये. संतापाचं कारण खरं होतं. पुढे दिरंगाईबद्दल पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ग्रुप नसते तर ही बातमी एखाद्या कोपऱ्यात जिरली असती, असं मानायला जागा आहे. ठाण्यात कुणी ऐकून घेत नसेल तर माणूस जिथे ऐकलं जातं तिथे बोलणार.

पण त्याच दिवशी दुसरीही एक गोष्ट दिसली. मंत्री गिरीश महाजन स्थानकात येऊन समजूत घालत होते, गर्दी ऐकत नव्हती. चर्चा करायची तर कुणाशी? मोर्चाला पुढारी असतो, संघटना असते, मागण्यांचा कागद असतो. ग्रुपमधून जमलेल्या गर्दीला यातलं काहीच असेलच असं नाही. ‘चला’ म्हणायला एक मेसेज पुरतो. ‘आता उठूया, आपलं म्हणणं पोचलं’ हे म्हणण्याचा अधिकार मात्र कुणाकडेच नसतो. जमवणं सोपं झालं, थांबवणं अवघड. आपल्या पिढीच्या प्रत्येक आंदोलनाला हा प्रश्न पडणार आहे, तेव्हा त्यावर कॉलेजच्या कट्ट्यावर आत्ताच बोललेलं बरं.

तिसरी गोष्ट इंटरनेट बंदीची. अफवा थांबाव्यात म्हणून नेट बंद केलं जातं. पण आपल्या कसोटीवर ते घासून बघा. नेट बंद झालं ते बदलापुरात. म्हणजे जे जागेवर होते, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तेच गप्प झाले. बाहेर बसून अंदाज बांधणाऱ्यांचं नेट चालूच होतं. दुकानात यूपीआय अडलं, घरून काम करणाऱ्यांचा खोळंबा झाला, ते वेगळंच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलंय, की अशी बंदी तात्पुरती आणि गरजेपुरतीच हवी आणि तिचा आदेश प्रसिद्ध करायला हवा. नागरिक म्हणून तो आदेश मागणं हा तुमचा हक्क आहे.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःसाठी. अशा प्रकरणात ‘पीडितेला न्याय’ म्हणत कुणी मुलीचं नाव, फोटो, घरचा पत्ता ग्रुपवर टाकतं. पोक्सो कायद्याचं कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ अशी ओळख उघड करण्याला गुन्हा ठरवतं. कायदा बाजूला ठेवला तरी, ती मुलगी याच शहरात मोठी होणार आहे. तो मेसेज तेव्हाही कुणाच्या तरी फोनमध्ये असेल.

‘ओळखीतलाच आहे रे’

हीच सवय आता पैशांत उतरली आहे. ‘तुझं खातं दोन दिवस वापरायला दे, हजार-दोन हजार मिळतील.’ हे सांगणारा चोर दिसत नाही. तो मित्राचा मित्र असतो, आपल्याच बॅचचा, कधी आपल्याच गल्लीतला. त्यालाही कुणी तरी सांगितलेलं असतं आणि त्याच्या मागे टेलिग्रामवरचं एक टोपणनाव. तुमच्या खात्यात येतात ते ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने एखाद्या आजोबांकडून उकळलेले पैसे. पोलीस पैशांचा माग काढतात तेव्हा त्यांना सापडतं ते तुमचं नाव, तुमचं आधार, तुमची सही. खातं गोठतं, चौकशी मागे लागते, आणि टेलिग्रामवरचं टोपणनाव तोवर गायब झालेलं असतं.

अशा खात्यांना ‘म्युल अकाउंट’ म्हणतात. म्युल म्हणजे खेचर. ओझं वाहणारं जनावर. ती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्युलहंटर’ नावाची एआय प्रणाली तयार केली आहे. कॉलेजची मुलं या जाळ्याला सोयीची पडतात, कारण त्यांच्याकडे नवं खातं असतं, खिसा रिकामा असतो आणि मित्राला ‘नाही’ म्हणायची लाज वाटते. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

राईनपाड्याचा मेसेज आणि हे खातं यांत धागा एकच आहे. दोन्हीकडे आपण बघितलं ते आपल्यापर्यंत आणणाऱ्याचं तोंड.

एआयला विचारू का?

हल्ली यावर एक झटपट उपाय निघालाय. मेसेज आला की तो एआयला विचारायचा. व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआयचं निळं वर्तुळ आहे. एक्सवर लोक पोस्टखाली ग्रोकला विचारतात, हे खरं आहे का? सवय चांगल्या हेतूची आहे. पण मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत ग्रोकने सुदानमधल्या खार्टूम विमानतळाचा जुना व्हिडीओ पाकिस्तानच्या नूर खान तळावरच्या हल्ल्याचा म्हणून सांगितला होता.

असं का झालं ते उघड आहे. एआय कधीच जागेवर नसतो. लोकांनी जे लिहिलं, त्यातून तो उत्तर जुळवतो. घटना दहा मिनिटांपूर्वीची असेल तर त्याच्याकडे आपल्याइतकीच अफवा असते, फक्त भाषा आत्मविश्वासाची. पोक्सोचं कलम काय म्हणतं, दुहेरी बाणाचा अर्थ काय, हे त्याला जरूर विचारा आणि मूळ ठिकाणी ताडून बघा. अंबरनाथच्या पुढे आत्ता काय झालंय, हे अंबरनाथच्या पुढे उभ्या असलेल्या माणसालाच माहीत.

मग करायचं काय?

मोठ्या शपथा नकोत. चारच सवयी.

एक, मेसेज आला की मनात विचारा: हे सांगणाऱ्याने स्वतः पाहिलंय का? उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर तो मेसेज तुमच्यापाशी थांबू द्या. थांबवण्याने कुणाचं काही बिघडत नाही.

दोन, तुम्ही स्वतः जागेवर असाल तर पुरतं सांगा. ठिकाण, वेळ, आणि ‘मी पाहिलं’ की ‘मला इथल्या लोकांनी सांगितलं’. ‘५.४०, बदलापूर फलाट एक, गाडी उभी, कारण माहीत नाही’ हा फार उत्तम मेसेज आहे. त्यातलं ‘कारण माहीत नाही’ सगळ्यात उत्तम.

तीन, काकांना ग्रुपमध्ये खोटं पाडू नका. चारचौघांत मान गेली की माणूस हट्टाला पेटतो. वेगळा मेसेज करा, ‘काका, हे जुनं दिसतंय, मी शोधलं तर हे सापडलं. तुम्हीच ग्रुपवर सांगता का?’ काकांनी स्वतः दुरुस्ती केली की घर ऐकतं. तुम्ही केली की वाद होतो.

चार, तुम्ही ॲडमिन असाल तर नियम आधी सांगा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की समान हेतू नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येणार नाही. कायदा तुम्हाला सोडतो, ठीक आहे. पण ग्रुपवर ‘याचा मूळ सोर्स टाक’ असं विचारायची पद्धत तुम्हीच पाडू शकता. दोन-तीनदा विचारलं की लोक आपणहून पाठवू लागतात.

हे सगळं करूनही आपण फसणार आहोत. व्हिडीओ रोज जास्त खरे दिसू लागलेत, आवाजाची नक्कल होते, आणि पुढची अफवा आपल्या अगदी जिवाभावाच्या माणसाकडूनच येणार आहे. तेव्हा त्या माणसावरचं प्रेम कमी करायची गरज नाही. त्याला इतकंच विचारायचं, जे आपली आजी शेजारणीला सहज विचारायची आणि शेजारणीला त्याचा राग येत नसे: ‘तू होतास का तिथे?’